दोघींचं सुतक

२०१५ च्या जानेवारीत आमच्या आगाप छाटणीच्या बागेत माल तयार होता आणि व्यापारी फोन उचलत नव्हता.

तासगाव तालुक्यात ज्यांची द्राक्षबाग आहे, त्यांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको. छाटणीपासून चार महिने पोराबाळासारखी सांभाळलेली बाग असते. विरळणी, डिपिंग, रात्री-अपरात्रीच्या फवारण्या, सकाळी दव दिसलं की पोटात गोळा. घडात गोडी भरली की मग माल वेलीवर थांबत नाही. पावसाचा एक शिंतोडा आला तरी मणी तडकतात. अशा वेळी विसार देऊन गेलेला व्यापारी गप्प झाला की घरात कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही.

चौथ्या दिवशी तो आला. मोटरसायकल बांधावर लावली आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बांगला बंद हाय, काकू. गाड्या बॉर्डरला अडकल्यात."

आमच्याकडे बांगलादेशला सगळे नुसतं 'बांगला' म्हणतात. बांगलाचा माल, बांगलाचा दर. आमच्या भागातून क्रेट भरलेले ट्रक अख्खा देश आडवा कापून पश्चिम बंगालातल्या पेट्रापोलला जातात. नाक्यापलीकडे बेनापोल. तिथून पुढे ढाक्याच्या बाजारात आमची द्राक्षं.

आईनं विचारलं, "का बंद?"

"दोन बाया भांडत्यात तितं. तीस वर्सं झाली, एकीला दुसरी दिसंना."

पेट्या भरणाऱ्या बायका हसल्या. माझा भाऊही हसला. आई हसली नाही. हातातला घड तसाच धरून ती म्हणाली, "कशापायी भांडत्यात, ते इचारलं का कुणी?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी शिकलेली, सांगलीत राहणारी, रोज पेपर वाचणारी. पंतप्रधान शेख हसीना आणि त्यांच्या विरोधक खालिदा झिया ही दोन नावं मला पाठ होती, त्यापुढं काही नाही. आमचा माल त्या वर्षी अखेर बेदाण्याला टाकला. आईचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर सांगलीला आला. त्याला आता अकरा वर्षं झाली.

उत्तर शोधताना मला आधी दोन मढी सापडली.

पहिलं १५ ऑगस्ट १९७५ चं. आपल्याकडे झेंडावंदनाची तयारी चालली असेल, त्या पहाटे ढाक्यातल्या धानमंडीच्या ३२ नंबर रस्त्यावरच्या घरात लष्करातले काही अधिकारी घुसले. बांगलादेशचे संस्थापक आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख मुजीबुर रहमान, त्यांची बायको, तीन मुलगे, दोन सुना, सगळी मारली. धाकटा रसेल दहा वर्षांचा होता. थोरली लेक हसीना आणि तिची बहीण रेहाना युरोपात होत्या म्हणून वाचल्या. हसीनाचे पती पश्चिम जर्मनीत संशोधक होते. दोघी बहिणींना ना आईबापाचं तोंड बघता आलं, ना मातीला जाता आलं. मुजीबना टुंगीपाडा या त्यांच्या गावी पुरलं आणि लेक पुढची सहा वर्षं दिल्लीत पंडारा रोडवर राहिली.

या सहा वर्षांत जे झालं ते मला खुनाइतकंच भयंकर वाटतं. मारेकऱ्यांवर खटलाच भरता येणार नाही असा हुकूम निघाला, आणि १९७९ मध्ये, झियाउर रहमान राष्ट्राध्यक्ष असताना, त्याला घटनादुरुस्तीचं संरक्षण मिळालं. म्हणजे बाप मेला, आणि 'कुणी मारलं' हे कोर्टात विचारायचा हक्कही गेला. तो कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडलं, हसीना स्वतः पंतप्रधान झाल्या तेव्हा.

१७ मे १९८१ ला हसीना ढाक्यात परतल्या. बापाच्या घरी गेल्या तर घर सरकारच्या ताब्यात. झियांच्या सरकारनं आपल्याला आत जाऊ दिलं नाही, आपण बाहेर रस्त्यावर बसून प्रार्थना केली, हे त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. आणि त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, ३० मे ला, चितगावच्या सर्किट हाउसमध्ये झियाउर रहमान यांचाच लष्करातल्या बंडखोरांनी खून केला. हे दुसरं मढं. त्यांची बायको खालिदा तेव्हा पस्तिशीची. दोन मुलं, तारिक आणि अराफात. राजकारणाशी तिचा संबंध नव्हता. मुक्तियुद्धाच्या वर्षी नवरा लढत असताना ती लेकरांसकट पाकिस्तानी लष्कराच्या नजरकैदेत राहिली होती, तेवढाच काय तो.

एकीचा बाप, एकीचा नवरा. १९७१ मध्ये दोघे एका बाजूला होते. २७ मार्चला चितगावजवळच्या कालुरघाट रेडिओ केंद्रावरून मुजीबच्या नावानं स्वातंत्र्याची घोषणा वाचणारा मेजर म्हणजे हेच झिया. पुढं दोन्ही पक्ष भांडले ते यावर, की घोषणा खरी कुणाची. वाचणाऱ्याची, की ज्याच्या नावानं वाचली त्याची.

आमच्याकडे भावकीत मयत झालं की सुतक सगळ्यांना असतं. वाद असो, बोलणं बंद असो, कोर्टात तारखा चालू असोत, दहा दिवस दोन्ही घरांना सारखेच. सुतकातल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारातून पिठलं-भाकरी येते. रडायला बाया येतात. दहाव्याला कावळा शिवतो. एवढं झालं की माणूस गेल्याचं घराला पटतं. मुसलमानांत सुतक नसतं हे मला ठाऊक आहे, पण माझ्याजवळ दुसरा शब्द नाही. या दोघींचं सुतक फिटलंच नाही, असं मला वाटतं. पुरं रडून व्हायच्या आत त्यांना व्यासपीठावर नेऊन उभं केलं. हसीना परतायच्या आधीच, फेब्रुवारी १९८१ मध्ये, बापाच्या पक्षाच्या, अवामी लीगच्या, अध्यक्ष झालेल्या. खालिदा जानेवारी १९८२ मध्ये नवऱ्याच्या पक्षात, बीएनपीत (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी), आल्या आणि १९८४ मध्ये अध्यक्ष. दोन्ही पक्षांत मुरलेले पुरुष होते, पण सगळ्यांना एकत्र बांधून ठेवील असं एकच काहीतरी लागत होतं, आणि ते मेलेल्या माणसाचं नाव होतं. ते नाव ज्या घरातून आलं, त्या घरातली हयात बाई त्यांनी आणली.

हे वाचताना मला आई आणि काकी आठवल्या.

माझे वडील आणि काका यांच्यात सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या: चार दिवस आमचे, तीन दिवस त्यांचे. आमचं रान थोडं जास्त होतं म्हणून. पण पाळी ठरली तरी मोटर चालू कोण करणार, बंद कोण करणार, यावरून रोज कुरकुर. मग पंचांनी तोड काढली. गावातला एक म्हातारा, दोघांचाही कुणी नसलेला, मोटरीच्या पेटीची किल्ली त्याच्याकडं. तो येणार, कुलूप काढणार, पाळीप्रमाणं पाणी सोडणार. सहा वर्षं तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात, विहिरीनं तळ गाठलेला असताना, किल्ली माझ्या वडलांनी काढून घेतली. मला हे लिहिताना त्रास होतो, पण किल्ली आम्हीच घेतली होती. तिथून पुढं कोर्ट. २००३ ला काका गेले, २०१२ ला वडील. दावा राहिला आणि दोघी जावा राहिल्या. गाव म्हणायला लागलं, "बायकांनी घरं फोडली." आई एकदाच बोलली त्यावर. भाकरी थापता थापता म्हणाली, "भांडान आमचं न्हवं गं. आमच्या ओटीत घातलं."

विहीर म्हणजे देश नाही. आमच्या भांडणात कुणी जिवानिशी गेलं नाही. २०१५ च्या त्या बंदमध्ये, ज्यात आमची द्राक्षं अडकली, पेट्रोल बॉम्बनं बसमधली माणसं जळाली. शंभरावर जीव गेले. तिथं एका घराचा शोक आणि दुसऱ्या घराचा शोक यांच्या मध्ये कोट्यवधी माणसं होती. म्हणून ही तुलना मी फार ताणणार नाही. पण किल्लीची गोष्ट मला तिथं जशीच्या तशी दिसली.

१९९० मध्ये दोघी एकत्र आल्या होत्या. जनरल इर्शादची हुकूमशाही आठ वर्षं चाललेली. मधे १९८६ ला हसीना निवडणुकीत उतरल्या आणि खालिदा उतरल्या नाहीत, तेव्हा एकीनं दुसरीला गद्दार ठरवूनही झालं होतं. तरी १९९० च्या नोव्हेंबरात त्यांच्या आघाड्यांनी, डाव्यांच्या सोबत, सत्ता कशी सोपवायची याची एक रूपरेषा ठरवली, आणि ६ डिसेंबरला इर्शाद पायउतार झाले. सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांच्या हातात कारभार आला. दोघींचाही कुणी नसलेला माणूस. १९९१ ची निवडणूक त्यानं घेतली, खालिदा जिंकल्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि मग दोन्ही पक्षांनी मिळून संसदीय पद्धत परत आणली. एवढं मोठं काम या दोघींच्या हातून झालं, हे 'बेगमांची लढाई' म्हणणारे कधी सांगत नाहीत.

पुढच्या निवडणुकाही तिऱ्हाइताच्या हाती असाव्यात, असं हसीनांनी मागितलं. खालिदांनी नाकारलं. हरताळांवर हरताळ झाले. फेब्रुवारी १९९६ ची निवडणूक हसीनांनी बहिष्कारली, ती संसद जेमतेम उभी राहिली, आणि जाता जाता खालिदांनाच काळजीवाहू सरकारची घटनादुरुस्ती करावी लागली. किल्ली म्हाताऱ्याकडं गेली. जूनमध्ये हसीना जिंकल्या, २००१ मध्ये खालिदा, पाळी पाळीनं. मग २००७ ला ही व्यवस्थाच बिघडली, आणीबाणी आली, लष्कराच्या पाठबळावरच्या सरकारनं दोघींना तुरुंगात टाकलं, दोघींना राजकारणातून उठवायचा घाट घातला. संसदेच्या आवारातल्या इमारतींना तुरुंग ठरवून तिथं दोघींना ठेवलं होतं, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर २००८ मध्ये हसीना प्रचंड बहुमतानं आल्या. २०११ मध्ये त्यांनी, ज्यांनी रस्त्यावर उतरून ती किल्ली मागितली होती त्यांनीच, काळजीवाहू सरकारची तरतूद काढून टाकली. आता तीच मागणी घेऊन खालिदा रस्त्यावर. १९९५ ची हसीनांची भाषणं खालिदांच्या तोंडी, आणि खालिदांची उत्तरं हसीनांच्या.

माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठी चूक ही. २००४ चा तो २१ ऑगस्टचा ग्रेनेड हल्ला, ज्यात हसीनांच्या सभेत २४ माणसं मेली आणि त्यांच्या कानाला कायमची इजा झाली, तो खालिदांच्या राज्यात झाला. त्याचा घाव मला समजतो. दरवर्षी १५ ऑगस्टला, मुजीबांच्या खुनाच्या दिवशी, खालिदांचा वाढदिवस केक कापून साजरा व्हायचा. तो सल तर कुठल्याही लेकीला समजेल. पण किल्ली काढून घेतली की पुढचं सगळं ठरून जातं. माझ्या वडलांनाही त्या उन्हाळ्यात आपलंच खरं वाटत होतं.

दोघींच्या बाबतीत मला सारखी घरं दिसतात. धानमंडीचं घर, ज्याच्या दारातून लेकीला आत जाऊ दिलं नाही. आणि ढाक्याच्या लष्करी छावणीतलं मोईनुल रोडवरचं घर, जिथं खालिदा नवरा जिवंत असल्यापासून राहत होत्या. १३ नोव्हेंबर २०१० ला त्यांना तिथून बाहेर काढलं. त्या संध्याकाळी पत्रकारांपुढं त्या रडल्या. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार होता. त्यांचं राजकारण पटो न पटो, ज्या उंबऱ्यातून नवऱ्याबरोबर आत आलो आणि ज्या घरातून नवरा शेवटचा बाहेर पडला, ते घर पोलिसांच्या देखत सोडायचं म्हणजे काय, हे आमच्या गावातल्या कुठल्याही विधवेला विचारावं.

ऑक्टोबर २०१३ मध्ये हसीनांनी फोन केला होता. कित्येक वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलल्या, ३७ मिनिटं. ते बोलणं नंतर वाहिन्यांवर सगळ्यांनी ऐकलं. देशात निवडणुकीचा पेच, लोक मरताहेत, आणि सुरुवातीचा बराच वेळ गेला तो लाल फोनवर, म्हणजे बड्या पदांसाठीच्या सरकारी थेट फोनवर. मी दुपारपासून तुमचा लाल फोन लावतेय, असं एकीचं म्हणणं. तो फोन कधीचा मेलाय, असं दुसरीचं. वाजत होता. वाजत नव्हता. मग हरताळ मागे घ्या आणि गणभवनात, पंतप्रधानांच्या निवासस्थानी, जेवायला या, असं आमंत्रण. हरताळ संपल्याशिवाय येणार नाही, असं उत्तर. मधेच १५ ऑगस्टचा केक, मधेच २१ ऑगस्टचे ग्रेनेड. हसायला सोपं आहे. पण मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या विहिरीवरचा आवाज ऐकू आला. माणूस मनातलं बोलू शकत नाही तेव्हा असंच बारीक धरून बसतो, पेटीचं कुलूप कुणी लावलं, स्टार्टरला हात कुणी लावला.

आणि मग तो जानेवारी, आमच्या द्राक्षांचा.

खालिदा त्या महिन्याच्या सुरुवातीपासून ढाक्याच्या गुलशन भागातल्या आपल्या कार्यालयातच अडकून होत्या. बाहेर पोलिसांनी वाळूचे ट्रक आडवे लावलेले. फाटकाला बाहेरून कुलूप घातलेलं. त्यांनी आतूनच देशभर नाकेबंदीची हाक दिली होती. नंतर पहारा सैल झाला, तरी त्या तिथंच राहिल्या. २४ जानेवारीला बातमी आली, धाकटा मुलगा अराफात मलेशियात हृदयविकारानं गेला. पंचेचाळिशीचा. संध्याकाळी हसीना, देशाच्या पंतप्रधान, भेटायला निघाल्या. गाडी गुलशनला आली. त्या उतरल्या, फाटकाशी आल्या. फाटकाला आतून कुलूप होतं. खालिदांना झोपेचं इंजेक्शन दिलंय, त्या झोपल्यात, असं आतून सांगितलं. हसीना काही मिनिटं रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

महिन्याभरात एकाच फाटकाला आधी बाहेरून कुलूप लागलं, मग आतून.

कुणाचं चुकलं यावर तिकडे अजून बोललं जातं. कुणी म्हणतं, ते येणं फक्त दाखवायला होतं. असेलही. पण मी तशी दाराशी आलेली बाई पाहिलीय. काका गेले तेव्हा आई गेली होती. काकीनं तोंड फिरवलं. सोप्यात बसलेल्या बायकांनी सरकून जागा दिली, आई तासभर खाली मान घालून बसली आणि उठून आली. कोर्टातली तारीख पुढच्या सोमवारी होती. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी काकीकडून पातेलंभर पिठलं आणि भाकरी आल्या, फडक्यात बांधून. फडक्याची गाठ काकीची, मी ओळखते, दुहेरी मारते ती. आईनं गाठ सोडली, सगळ्यांना वाढलं, स्वतःच्या ताटात मात्र घेतलं नाही. रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती अंधारात चुलीपाशी बसून त्याच पातेल्यातलं थंड पिठलं बोटानं खात होती. मी परत जाऊन निजले. दावा अजून चालू आहे.

यातलं कुठलं दाखवायचं होतं आणि कुठलं खरं, ते मला अजून सांगता येत नाही.

पुढचं सगळ्यांनी बघितलंय. २०१८ मध्ये अनाथालयाच्या निधीच्या खटल्यात खालिदांना शिक्षा झाली, ढाक्याच्या जुन्या, रिकाम्या केलेल्या तुरुंगात त्या एकट्याच कैदी. ५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांच्या उठावापुढं हसीना देश सोडून भारतात आल्या. त्या पावसाळ्यात, बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी, जी माणसं मेली त्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रांनी १४०० पर्यंत असू शकतो असं म्हटलंय. इथं मी हसीनांची बाजू घेऊ शकत नाही, घेणारही नाही. ज्या लेकीला बापाच्या खुनाचा न्याय मागता येत नव्हता, तिच्या राज्यात किती आयांना पोरांचा न्याय मागता आला नाही. दुसऱ्या दिवशी खालिदांच्या सुटकेचा आदेश निघाला. दवाखान्यातून त्या लोकांशी बोलल्या, की आता सूड नको, विध्वंस नको. आयुष्यभर भांडलेल्या त्या बाईकडून एवढं एक वाक्य आलं याचं मला फार वाटलं. पण ऐकणारं कोण होतं? फेब्रुवारी २०२५ मध्ये धानमंडीचं ते ३२ नंबर रस्त्यावरचं घर जमावानं यंत्रं लावून पाडलं. नोव्हेंबरात ढाक्याच्या न्यायाधिकरणानं हसीनांना त्यांच्या माघारी फाशीची शिक्षा सुनावली.

३० डिसेंबर २०२५ ला खालिदा गेल्या. मी तेव्हा गावी होते. बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, भाऊ घडांना पेपर लावत होता. आईला आता कमी दिसतं, ती कट्ट्यावर बसून पेपर घड्या घालून देत होती. मी फोनवरची बातमी तिला सांगितली.

"कोण, ती दाराला कुलूप लावलेली?"

"हो, तीच."

"आन् दुसरी?"

"ती इकडंच आहे. आपल्या देशात."

आई घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मग मातीला गेली का ती?"

"जाता येत नाही तिला, आई. तिकडं फाशी लावलीय. निरोप पाठवलाय दुःखाचा."

"बापाच्याबी मातीला गेली न्हवती म्हनालीस न्हवं तू?"

"नाही. तेव्हाही बाहेरच होती."

आईनं उरलेले पेपर मांडीवर सारखे केले. उजव्या अंगाला, बांधापलीकडं, काकीच्या बागेत ट्रॅक्टर फवारत होता. ती बराच वेळ तिकडं तोंड करून बसली, आणि भाऊ नवे पेपर मागायला आला तेव्हा त्याला म्हणाली, "तुज्या काकीला बरं न्हाई म्हनत्यात. जाऊन आलास का?"

"न्हाई," तो म्हणाला.

"संध्याकाळी मला न्हे."